खांबापाशी एकवीस सेकंद

मुलांनो, कल्पना करा, तुम्हाला जोराची लघवी लागली आहे आणि काही केल्या होतच नाही. नुसत्या विचारानंच पाय आवळले ना? घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या कुत्र्याची, भोपळ्याची, सकाळपासून हीच गत होती.

चौकात ही गर्दी! मधोमध मंत्रानं मुतखडे काढणारे खडेबाबा बसलेले. त्यांनी आपल्या वाडग्यातला कापसाचा ओला बोळा भोपळ्याच्या पोटावर फिरवला, डोळे पांढरे केले आणि टप्प! ताटलीत खडा पडला. मग दुसरा, तिसरा. लोकांनी हात जोडले.

"ना टाका, ना रक्त!" बाबा म्हणाले. "डॉक्टर चिरफाड करतात, आम्ही नुसती हाक मारतो. खडा लाजत लाजत बाहेर येतो!"

घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांची नात मात्र भोपळ्याला घेऊन कोपऱ्यावरच्या खांबाशी गेली. आजोबा तिला लाडानं वकीलबाई म्हणत. तिच्या हातात दुकानातलं सेकंद मोजायचं घड्याळ होतं. भोपळ्या पाय वर करून दोन मिनिटं कण्हत राहिला. पडले चार थेंब.

ती परत आली. "बाबा, खडे निघाले, मग याची लघवी का अडली?"

"श्रद्धा कमी पडली, बाळ."

"मग पुन्हा काढा. कापूस तेवढा आमच्या दुकानातला घ्या."

"आमचा कापूस मंतरलेला आहे!"

"खडे हाकेनं येतात ना? मग कापूस कशाला लागतो?"

कुणीतरी खुदकन हसलं. बाबांनी वाडगा ओढला, पण वकीलबाईंनी एक बोळा पिळलाही होता. आतून खडा टुणकन उडाला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं.

"अरे, याला निळा रंग दिलाय! ही तर माशांच्या काचपेटीतली खडी!"

"आजोबा, बाबांचं नंतर बघू. आधी भोपळ्या!"

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. खरा खडा लघवीच्या वाटेतच अडकून बसला होता.

"अजून उशीर केला असतात, तर जिवावर बेतलं असतं," त्या म्हणाल्या. आजोबांनी मान खाली घातली. बाईंनी नळीनं खडा मागं ढकलून वाट मोकळी केली, मग भूल देऊन तो काढला.

पंधरा दिवसांनी भोपळ्या पुन्हा खांबाशी उभा राहिला.

"एकवीस सेकंद सलग धार!" वकीलबाई आनंदानं ओरडल्या.

मुलांनो, चमत्कारापुढं हात जोडण्याआधी दुखणं गेलं का, एवढं जरूर बघा. वकीलबाईंनी पुढं काय केलं, ठाऊक आहे? ते घड्याळ त्यांनी दोरीनं खांबाला बांधलं आणि खाली कागद चिकटवला: 'कुत्रा खरंच बरा झाला का, ते इथं मोजून बघा.'