सासूबाईंचा खालचा ओठ

भावोजींना चित्रातलं काही कळत नव्हतं, आणि हे ते सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं फरशांचं मोठं दुकान होतं. चकाकतं ते सुंदर, एवढीच त्यांची अक्कल. त्यांची आई गेली, आणि काही महिन्यांनी त्यांनी धाकटीला फोन लावला. धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. पुस्तकांची मुखपृष्ठं कॉम्प्युटरवर रंगवून ती पोट भरायची.

"अगं, आईचं एक चित्र करून दे. हॉलमध्ये लावायचंय, चांगलं भिंतभर. तुझं काय, बटण दाबलं की झालं."

"बटण शोधते," धाकटी म्हणाली. ताईच्या घरचं काम, म्हणून तिनं दातओठ खात होकार दिला.

म्हातारी तिला चांगली आठवत होती. खालचा ओठ किंचित पुढे काढून ती समोरच्याला अशी न्याहाळायची, की माणूस नकळत स्वतःची बटणं चाचपायचा. एकदा धाकटीची चित्रांची वही चाळून ती म्हणाली होती, "सुरुवात छान करतेस." बस, तेवढंच. धाकटीला ते महिनाभर बोचलं होतं, कारण खरं होतं.

तिनं आधी करड्या रंगात काही छोटी रेखाटनं केली. चेहरा नाहीच, नुसते उजेड-अंधाराचे डाग. त्यातलं एक मोठं करून त्यावर भराभर रेघा ओढल्या. मान, अंबाडा, खुर्चीचा हात. ओठ एका फटकाऱ्यात आला. धाकटी दचकलीच. म्हातारी समोर येऊन बसली होती.

नेमके तेव्हाच भावोजी काम बघायला आले. पडद्यावर बोट टेकवून त्यांनी डाग पाडला.

"हे काय, जळमटं लागल्यासारखं?"

"कच्चं आहे, भावोजी. पुढचं सगळं यावरच उभं राहतं."

"मग पक्कं झाल्यावर दाखव ना! आम्ही काय गिऱ्हाइकाला सिमेंट दाखवतो?" आपल्याच विनोदावर ते पोट हलवून हसले. "आणि आई जरा हसरी कर. हसरीच होती ती."

होती? धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस उभ्या जन्मात आईच्या नजरेला नजर देऊ शकला नव्हता. ती कशी दिसायची हे याला कुठून कळणार!

ते गेल्यावर तिनं कच्च्या रेघा फिक्या केल्या आणि वर पारदर्शक कागद ठेवावा तसा नवा थर घेऊन त्यावर स्वच्छ रेघ ओढायला घेतली. रेघ सुरेख आली, आणि म्हातारी मेली. ओठ गुळगुळीत, गोडबोल्या बाईचा झाला. तिनं तो पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. शेवटी कच्च्यातलाच ओठ तसाच ठेवला आणि बाकीचा चेहरा त्याच्याभोवती रंगवला. आधी सपाट रंग, मग एका बाजूनं उजेड, मग सावल्या. चित्र आरशातल्यासारखं उलटवून तिनं डोळे तपासले, केसांच्या कडा मऊ केल्या.

भावोजींचे निरोप चालूच होते. सुरकुत्या कमी कर. गाल भर. मागे आपल्या दुकानातली फरशी दिसू दे. तिनं गाल भरले, सुरकुत्या पुसल्या, फरशी तर अशी घातली की तोंड पाहून घ्यावं. ज्याला फरशीच पाहायची, त्यानं फरशी पाहावी.

तयार चित्र तिनं त्यांच्या फोनवर पाठवलं. त्यांनी ते बोटाएवढं पाहिलं, फरशीपाशी मोठं केलं आणि उत्तर दिलं, "एक नंबर! छापायला टाकतो."

चित्र भिंतीवर चढलं त्या दिवशी नातेवाईक जमले. भावोजींचे काका मोठ्यानं बोलत आत आले, ते थेट चित्रासमोर. त्यांनी शर्टाची बटणं चाचपली. मामींनी हातातली तिसरी मिठाई ताटलीत परत ठेवली. भावोजी सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पाय खाली घेतले.

संध्याकाळी त्यांनी धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, ती अशी का बघतेय?"

"कशी?"

"अशी... म्हणजे मी काहीतरी केलंय अशी."

"काय केलंत?"

"काही नाही! तू ते तोंड जरा हसरं करून दे. पुन्हा छापू."

"भावोजी, आता नाही होणार. थर एकत्र झाले," धाकटी म्हणाली. धडधडीत खोटं होतं ते. पण थर म्हणजे काय हे विचारायचीसुद्धा त्यांची पोच नव्हती.

ते पडल्या चेहऱ्यानं गेले. ओट्यापाशी भांडी पुसत असलेली ताई दूध उतू जावं तशी एकाएकी हसू लागली.

"वीस वर्षं मी त्या ओठाखाली काढली," ती म्हणाली. "आता त्यांना काढू दे की."

"तुला नाही त्रास होणार?"

"मला?" ताईनं शेवटची ताटली उपडी घातली. "आज ते माझ्याशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलले."