लतिकाची गोळी आणि बाबाचा फासा

“पाच-तीन!” बाबा गरजला. बटण दाबलं गेलं आणि भिंतीवरच्या काळ्या पडद्यावर पाच-तीनच उमटलं.

“गजब भिया, गजब!” गंधवानीहून जीप भरून आलेली माणसं उठून उभी राहिली. बायकांनी पदर पसरले. एक म्हातारा तर प्रोजेक्टरलाच हार घालायला निघाला. त्याला दोघांनी धरून बसवला, नाहीतर उजेडही गेला असता आणि देवही.

देवासच्या त्या मंगल कार्यालयात दर रविवारी असा एकच कौल लागायचा. लावणारा अंबरीश महाराज. लोक त्याला चौसरवाले बाबा म्हणत. दुसऱ्या बाबांकडे राख असते, लिंबू असतं. ह्याच्याकडे लॅपटॉप होता. त्यावर बॅकगॅमन नावाचा विलायती खेळ, आपल्या सोंगट्यांच्याच जातीचा. चित्र काही नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या रांगा, त्याच सोंगट्या. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाने समोर बसून खेळायचं, आणि प्रत्येक दान पडायच्या आधी बाबाने ते सांगायचं. एकदाही चुकायचा नाही.

“चोवीस घरं म्हणजे चोवीस तत्त्वं!” बाबा हात उडवत सांगायचा. “पंधरा सोंगट्या म्हणजे पंधरा तिथी! फासा तुम्ही टाकत नाही, मी टाकत नाही. काळ टाकतो, आणि टाकायच्या आधी माझ्या कानात सांगतो!”

काळाला तेवढाच उद्योग उरला होता.

खेळणाऱ्याने सोंगटी भलतीकडे हलवली तर यंत्र ती घ्यायचं नाही. खाली इंग्रजीत एक ओळ यायची, आणि पुन्हा खेळायला लावायचं. “देखा? दैवाला मंजूर नाही! माफी मागा!” असं बाबा ओरडला की खातेगावचा सोयाबीनचा व्यापारी कीबोर्डपुढे कान धरायचा. ती ओळ वाचता येणारे लोकही हॉलमध्ये होते. पण त्यांचे हात जोडलेले आणि डोळे मिटलेले.

त्यांच्यातच माझा मुलगा उमाशंकर. डिप्लोमा झालेला, कारखान्यात भलीमोठी यंत्रं चालवणारा. आणि मी चौथीत शाळा सुटलेली.

माझ्या सुनेला, लतिकाला, फिट येते. इंदूरच्या डॉक्टरांच्या गोळीवर ती कित्येक वर्षं ठणठणीत होती. घर, शिवणकाम, लेकाची, मननची शाळा, सगळं एकटी बघायची. उमाशंकर तिला कौलाला घेऊन गेला, तेव्हा मीही गेले. बाबाने दानं सांगितली, ती पडली, आणि निकाल आला. “दोष जुना आहे. गोळीने दाबून ठेवलाय. गोळी बंद! आणि चोरून घेतलीस, तर दोष लेकरावर जाईल.”

ह्या शेवटच्या वाक्याने तिला बांधून टाकलं. ते त्याने त्याचसाठी घातलं होतं.

थोड्याच दिवसांत पोळ्या करताना लतिकाला फिट आली. मी देवघरातून धावत पोचेपर्यंत तिचा उजवा हात तव्यावर होता. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

“आई, बाबा म्हणाले होते, दोष निघताना जाळतो,” उमाशंकर म्हणाला.

“दोष नाही रे मेल्या, हात जळलाय! डोळे फुटले का तुझे?”

मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन लतिकापुढे उभी राहिले. तिने तोंड फिरवलं. “नको आई. मननला काही झालं तर?” पट्टीतला हात छातीशी धरून ती हुंदके देत बसली. तेव्हाच मी ठरवलं, ज्या हॉलमध्ये हा मेला देव झाला, त्याच हॉलमध्ये त्याला उघडा पाडायचा. समजूत घालायची नाही, सोडून द्यायचं नाही.

बाबाचा नियम होता, एका घराला एकच कौल. दुसऱ्यांदा विचारलं तर पाप. लोक आपापला कौल घेऊन आपापल्या गावी जात. पण आमच्या शेजारच्या सावित्रीबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना जिने चढायला सोबत हवी होती. मी गेले. सोबत करायला कुठे पाप होतं?

सावित्रीबाई पटापुढे बसल्या. “तीन-एक!” बाबा म्हणाला. पडलं. यंत्राच्या बाजूचं दान, “सहा-चार!” तेही पडलं. मग पाच-तीन. मग दोनाची जोडी. हॉल दणाणत होता आणि मी गारठून बसले होते. लतिकालाही हीच दानं पडली होती. हीच, ह्याच क्रमाने.

मला ती आठवतात, कारण माझी नणंद. आमच्या घरी सणासुदीला सोंगट्यांचा डाव मांडला जायचा, आणि ही बया फासे बोटांत धरून हवं ते दान काढायची. तिच्यावर पहारा ठेवता ठेवता मला पडलेलं दान न विसरायची खोडच लागली. आयुष्यात पहिल्यांदा नणंदेचे उपकार मानले.

घरी येऊन मी भाचीला, उर्वशीला फोन लावला. ती धारला मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. “काळा पडदा, चित्र नाही,” मी म्हटलं. “चुकलं की खालून ओळ येते, पुन्हा खेळायला लावतो. आणि दानं दर खेपेला तीच.”

उर्वशी खो खो हसली. “आत्या, मी रविवारी येते. तोपर्यंत त्याला काही बोलू नकोस.”

“बोलणार नाही. पण त्या दिवशी मला अडवायचं नाही.”

रविवारी हॉल खचाखच भरला. आम्ही पुढच्या रांगेत, उमाशंकर आणि लतिका मागे. धारचा कोणी शिक्षक गाऱ्हाणं घेऊन बसला. बाबाने डोळे मिटले, बोट वर केलं, तोंड उघडलं.

“तीन-एक!” मी ओरडले.

पडलं. बाबाने डोळे उघडले.

“सहा-चार!” पडलं. “आता पाच-तीन! मग दोनाची जोडी! दाब ना रे बटण, थांबलास का?”

सगळं पडलं. मग कोणीतरी किंचाळलं, “माताजी आ गई! अंगात आली!” आणि लोंढाच माझ्या अंगावर आला. कोणी पायावर डोकं, कोणी साडीचं टोक. ज्याने प्रोजेक्टरला हार आणला होता त्याने तो माझ्या गळ्यात टाकला. बाबासुद्धा पक्का. झटक्यात हात जोडून म्हणाला, “माझीच शक्ती माताजींच्या मुखातून बोलते आहे!”

लतिका गर्दीतून वाट काढत आली आणि तिने माझे पाय धरले. “आई, तुम्ही म्हणाल तर मी गोळी घेते.”

बस्स, एक शब्द. ‘घे’ म्हटलं असतं, तर काम झालं असतं. पण उद्या माझ्यापेक्षा मोठ्या गळ्याचा कोणी भेटला असता, तर तिने पुन्हा टाकली असती. मी हार काढून खुर्चीवर फेकला.

“माझ्या अंगात माझाच जीव आहे, दुसरं कोणी नाही! ऊठ लतिका. उर्वशी, लाव तो खेळ पहिल्यापासून.”

बाबा आडवा आला. “यंत्राला हात लावाल तर भस्म व्हाल!”

“व्हायचंच असेल तर मी आधी,” म्हणत उर्वशीने त्याला कोपराने बाजूला सारला आणि खेळ नव्याने सुरू केला. मी लतिकाला पटापुढे बसवलं. “आत्ता काय पडलं ते ऐकलंस ना? तेच बोल.”

ती पुटपुटली, “तीन-एक?”

पडलं.

“सहा-चार!” आता आवाज मोठा होता. पडलं. पुढचं दान तिच्याबरोबर चार पोरं ओरडली, त्यापुढचं अर्ध्या हॉलने. एका मिनिटात सगळा हॉल महाराज झाला.

उर्वशी माइक घेऊन उभी राहिली. “हा नवशिक्यांना बॅकगॅमन शिकवणारा प्रोग्राम आहे. मीही ह्याच्यावरच शिकले. फळ्यावर मास्तर एक गणित सोडवून दाखवतात तसा हा एकच डाव दाखवतो, म्हणून फासे आधीच ठरवून ठेवलेत. चुकलात तर सुधारतो, त्याला तुम्ही दैव समजलात. हा पाठ आहे असं पहिल्याच पानावर लिहिलंय. ह्याच प्रोग्राममध्ये खरा खेळही आहे, त्यात फासे दर वेळी नवे पडतात. तो लावते. महाराज, सांगा.”

बाबाने घसा खाकरला. “चार-दोन.”

पडलं सहा-एक.

“पाच... पाचाची जोडी.”

पडलं तीन-दोन. मागून कोणी ओरडलं, “काळ कान में नी बोल रियो काई, भिया?” आणि हॉल हशाने फुटला. मी मात्र हसले नाही.

“आणखी एक,” मी म्हटलं.

तेही चुकलं. मग तो माझ्या पायाशी वाकला. “माताजी, क्षमा...”

“माझ्या पायाशी काय शोधतोस? वर बघ.” मी लतिकाच्या हाताची पट्टी सोडली आणि तो हात त्याच्या नाकासमोर धरला. त्याने मान वळवली. मी त्याची हनुवटी धरून पुन्हा समोर केली. “बघ. नीट बघ. ह्यातलं कुठलं तत्त्व? कुठली तिथी?”

उर्वशी म्हणाली, “आत्या, पुरे.” मला पुरे झालं नव्हतं. दया आली म्हणून सांगणार नाही, आलीच नाही. त्याला पोलीस ठाण्यात नेलं तेव्हा तक्रारीवर पहिला अंगठा उठवायला मी तयार होते, पण मला सही येते. मी सही केली, ठळक.

घरी पोचल्यावर उमाशंकरने पेला भरून आणला. लतिकाने गोळी हातात घेतली, शेजारी झोपलेल्या मननकडे एकदा पाहिलं, आणि गिळली. सकाळी मनन उठल्या उठल्या पोहे मागू लागला. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दोन बायका माझ्याकडे नारळ घेऊन आल्या. दोघींना मी दारातूनच परत पाठवलं. तुम्हालाही तेच सांगते. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो दुसऱ्यांदा बघा. त्याच्या खाली काय लिहिलंय ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा. आणि डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, मग सांगणारा बाबा असो, नवरा असो, की मी.