पाहुण्यासाठी पाच टँकर

ठराव क्रमांक अकरा. पठारावर आलेल्या परप्रांतीय पक्ष्याच्या सोयीसाठी पाच टँकर पाणी, दोन ट्रॉल्या हिरवळ आणि एक फ्लेक्स मंजूर. सूचक : सरपंच बाळासो. विरोध : एक पोस्टमन. पोस्टमन सदस्य नसल्याने विरोध धरला नाही.

एवढं सगळं एका पोस्टकार्डानं केलं.

पन्हाळ्यापलीकडच्या त्या गावात आकाराम वीस वर्षं टपाल वाटत होता. रोज सायकल ढकलत कातळाचं पठार ओलांडायचं आणि पलीकडच्या वाडीला जायचं. दोन हजार चारच्या डिसेंबरात त्याला तिथं एक पाखरू दिसलं. चिमणीएवढं, वाळूच्या रंगाचं, जाड चोचीचं, अंगावर गुलाबी झाक. आवाज थेट जत्रेतल्या पिपाणीचा. त्यानं मनीऑर्डरच्या कोऱ्या फॉर्मामागं सगळं लिहून पुण्याच्या पक्षीमंडळाला धाडलं.

गावात सांगायची सोय नव्हती. नव्वद साली याच पठारावर त्यानं बिबट्या बघितला होता. खराच बघितला होता. पण दुसऱ्या कुणाला दिसला नाही, आणि तेव्हापासून सायकलची घंटी वाजली की लोक म्हणायचे, बिबट्या आला, पत्रं घ्या. रागात असली की बायको तानाबाईसुद्धा बिबट्याच म्हणायची.

पुण्याचं उत्तर पोस्टकार्डावर आलं :
"वर्णन राजस्थानाकडच्या ट्रम्पेटर फिंच या पक्ष्याशी जुळते. या छोट्या गटात दोनच जाती. दोन्ही कोरड्या, उघड्या, दगडाळ उंचवट्यांवर राहणाऱ्या. तुमच्याकडे येणे नवलच. दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय नोंद होत नाही. रविवारी, सोळा जानेवारीला आमच्या विद्याश्रीताई येतील."

वीस वर्षं आकारामनं गावाची पोस्टकार्डं वाचली होती. हे एक गावानं वाचलं. संध्याकाळपर्यंत पाखरू गावाचं झालं.

आकाराम पळत पंचायतीत गेला. नोंद झाली तर बिबट्या पुसला जाणार होता, पंधरा वर्षांनी.

"सरपंच, त्याला कोरडंच लागतंय. पत्रात लिवलंय की."

"आरं, पावणा आला की पयलं पाणी इचारायचं का न्हाय?" बाळासो म्हणाला. "राजस्थानातनं आलंय बिचारं. जलमभर पाणी बघितलं नसंल."

"म्हणून तर कातळावर उतरलंय."

"उद्या तालुका म्हणंल, ह्यांनी पावण्याला दगडावर बसवलं. तू पत्रं वाट."

ज्या मुलखात बांधापर्यंत ऊस उभा, तिथं कुणाला कोरडं आवडू शकतं हे पटवणं अवघड. शनिवारी कातळातले सगळे खळगे तुडुंब भरले. वर हिरवळ अंथरली. फ्लेक्सवर अकरा जणांचे फोटो आणि मधोमध पोपट, कारण दुकानदाराकडे पाखरू म्हणून तेवढाच होता.

रविवारी विद्याश्रीताई दुर्बीण लावून दुपारपर्यंत बसल्या. वहीत उतरलं ते असं : गायबगळे सात. साळुंक्या बऱ्याच. म्हैस एक, पाण्यात.

मग त्यांनी वही मिटली आणि हळू आवाजात सांगितलं, नोंद करता येणार नाही. बाळासोनं त्यांना शाल-नारळ दिला. बिबट्यानं पुण्याला बी गंडवलं, असं लोक उतरताना आकारामला ऐकू जाईल इतपत म्हणाले.

फेब्रुवारीत आकाराम वाडीहून परतत होता. पठाराच्या पार पश्चिम टोकाला, जिथं टँकर चढत नाही, तिथं गवताची काडी नसलेल्या दगडावर ते बसलं होतं. आकाराम उभाच राहिला.

मागून बाळासोची बुलेट आली. हिरवळ वाळून चालली होती, तो बघायला आला होता.

"काय रं, दिसला का पावणा? टँकर तयार हाय अजून."

आकारामच्या तोंडाशी आलं होतं. बोट दाखवायचं तेवढं बाकी होतं.

"न्हाय," तो म्हणाला. "गेला कवाच."

तेवढ्यात दगडावर पिपाणी वाजली. बाळासोनं कान टवकारले. "ह्ये काय वाजलं?"

"सायकलीचा ब्रेक."

"तेल सोड की मर्दा," बाळासो म्हणाला, आणि बुलेट वळवून गेला.