लहान बॅटरीशेजारची पाचर

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पाचर आहे. अमक्याने कामात पाचर मारली, म्हणजे काम बिघडवले, असे लोक सर्रास बोलतात. ही बदनामी ऐकली की माझे पित्त खवळते. मी एका गावाचे काम तडीस नेले आहे, आणि तेही जागची तसूभर न हलता!

माझा जन्म आलापल्लीच्या जंगलातला. आरागिरणीत माझ्या भावंडांच्या चौकटी झाल्या, पलंग झाले. मी कडेचा उरलेला तुकडा, म्हणून जळणाच्या ढिगात जाऊन पडले. तिथून मला देवकाबाईने उचलले. ती चांदा जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एका गावातली ढिवरीण, म्हणजे मासे धरणारी. तलावातल्या मासोळीवर तिच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांचे पोट चाले. "हे जाळाचं लाकूड नाई," ती म्हणाली. मला फार बरे वाटले.

त्या साली उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत आटला आणि मासोळी पार संपली. श्रावणात पाणी भरले, पण त्यात एक शेपूट हलेना. मग मोहल्ल्याने मिळून कलकत्त्याहून मासोळीचे बी मागवले. डोळ्यांनाही नीट न दिसणारी ती पिल्ले मातीच्या हंड्यांतून आगगाडीने चांद्याला आली. ती न्यायला गावातल्याच नानाजींची मोठी जुनी मोटार ठरली होती. हंडे कलंडू नयेत म्हणून देवकाबाईने एका हंड्याच्या बुडाशी मला खोचले.

आणि मोटार सुरूच होईना! बॅटरी मेली होती. तिच्या मापाची नवी बॅटरी नागपूरहून यायची, आणि तोवर पिल्ले जगणार नव्हती. बाजारात एकच बॅटरी मिळाली, तीही लहानखुरी. नानाजी तीच घेऊन आले.

"एवढीशी? हे एवढी मोठी गाडी वढन का, भाऊ?" देवकाबाईने विचारले.

"गाडी पेट्रोलवर चालते, बाई. इले फक्त ठिणगी द्याची हाये. ताकद मी हँडल मारून देतो. दिवे नाई लावत, भोंगा नाई वाजवत. पुरते का नाई पाय!"

नानाजींचे खरे ठरले. दोनचार हँडलांत इंजिन धडधडू लागले. पण मोटारीतली बॅटरी ठेवायची लोखंडी पेटी मोठी आणि बॅटरी लहान. उरलेल्या जागेत त्यांनी गोणपाट कोंबले. जंगलातला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. एका नाल्याच्या चढावर गोणपाट दबले, बॅटरी घसरली, तार निसटली आणि मोटार गपकन थांबली. तार पुन्हा बसवली, तर पुढच्याच खड्ड्यात तेच.

इकडे हंड्यांत पिल्ले वर येऊन तोंड उघडू लागली. मित्रांनो, ही पिल्ले मोठी विचित्र असतात. हंडा हलत राहिला, पाणी डचमळत राहिले, तरच त्यांना श्वास मिळतो. देवकाबाई हंडे हलवून हलवून थकली होती. तिने एकदा पिल्लांकडे पाहिले, एकदा त्या पेटीकडे.

"माह्या पोरायले हलाले पायजे, अन् तुमच्या बॅटरीले हलू नाई द्याचं," ती म्हणाली. "मंग हे पाचर माह्याजवळ काऊन ठेवली मी?"

तिने मला हंड्याखालून उपसले. नानाजींनी कुऱ्हाडीने माझी एक कड तासली. दुखले, पण मी हूं की चूं केले नाही. बॅटरी आणि पेटी यांच्यामध्ये दगडाने मला ठोकून बसवले. मग देवकाबाईने तो हंडा मांडीवर घेतला आणि ती हलवत राहिली.

मला एकच काम दिले होते: हलायचे नाही. खड्डा आला, मी हलले नाही. बॅटरीतले तेजाब उडून माझा गाल भाजला, तरी मी हलले नाही. इंजिन एकदाही बंद पडले नाही.

तलावावर सगळा मोहल्ला जमला होता. देवकाबाईने हंडा पाण्यात हलकेच तिरका केला. काही पिल्ले तरंगली, ती गेलीच. पण बाकीची झपकन खाली गेली! देवकाबाई तिथेच चिखलात बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मलाही रडता आले असते, तर मीही रडले असते.

पुढे नागपूरची मोठी बॅटरी आली आणि मला काढून पडवीच्या कोपऱ्यात टाकले. आता लेकरे मला पायाने उडवतात. त्याचे दुःख आहे, लपवत नाही. पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. अडचणीत लहान वस्तू निवडावी लागली, तर लाजू नका. फक्त तिच्या बाजूला जी जागा उरते, ती नीट भरा. लहानाला मोठ्या जागेत एकटे सोडू नका. आणि चुलीत घालण्यापूर्वी माझ्यासारखा तुकडा एकदा हातात घेऊन पाहा. मी अजून शाबूत आहे. कुठे काही डळमळत असेल, तर मला तिथे ठोका. मी हलणार नाही.