लिफ्टजवळचा निळा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी ऑफिसांची इमारत आहे. नवी कोरी दिसते म्हणून फसू नका. माझ्यात माझं असं आता फारसं काही उरलेलं नाही.

मी उभी राहिले तेव्हा आसपास माझ्याएवढं उंच कोणी नव्हतं. लोक मान वर करून बघायचे आणि मला आभाळ ठेंगणं व्हायचं. माझी मोझॅकची फरशी गवंड्यांनी जागेवरच ओतली, हातांनी घासली. काम संपताना प्रत्येक जण तिच्यात आपली एखादी खूण बसवायचा. एका गवंड्याने लिफ्टजवळ निळ्या कपाचा तुकडा बसवला. कप त्याच्या लेकीच्या हातून फुटला होता आणि ती रडून रडून बेजार झाली होती. सुट्टीच्या दिवशी त्याने तिला आणून तो दाखवला, तेव्हा कुठे तिची कळी खुलली.

ती लेक पुढे माझ्याकडेच टायपिस्ट म्हणून लागली. लिफ्टची वाट बघताना तुकड्यावर पाय पडू नये म्हणून रोज बाजूला उभी राहायची. वडील गेले. त्यांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

मग कंपन्या गेल्या, छत गळू लागलं, कबुतरांनी संसार थाटले. माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. अखेर नवे मालक आले आणि माझं नूतनीकरण निघालं. ते ऐकून म्हाताऱ्या टायपिस्टबाई काठी टेकत आल्या. फरशी फोडणार असाल तर एवढा तुकडा मला काढून द्या, म्हणाल्या. आर्किटेक्ट गुडघ्यांवर बसला, भारावला, फोटोवर फोटो काढत राहिला.

"मावशी, काढायचा कशाला? हा तर इमारतीचा जीव आहे. आम्ही जपणार."

बाई निर्धास्त घरी गेल्या. पुढच्याच आठवड्यात फरशी फोडून ट्रकमधून गेली. मी काय करणार? मला ना हात, ना तोंड.

उद्घाटनाला बाईंना मानाने बोलावलं. खाली नव्या टाइल्स होत्या आणि त्यांवर तोच फोटो छापलेला होता. प्रत्येक टाइलवर निळा तुकडा. लिफ्टजवळ, जिन्यात, अगदी संडासातसुद्धा. आर्किटेक्ट कौतुकाच्या अपेक्षेने बघत होता. बाई वाकल्या, त्यांनी एका तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"माझ्या बाबांनी एकच बसवला होता," त्या म्हणाल्या.

आणि परत निघाल्या, तर त्यांना पाय ठेवायला जागा सापडेना.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. पण कुणी आपल्या माणसाची खूण मागायला आलं, तर कौतुक नंतर करा. आधी ती त्याच्या हातात द्या.