नाव न घेता एक मिनिट

बरणीचं झाकण टक् करून आत बसलं, आणि तेव्हा कुठे गावातल्या त्सोना आजीने तोंड उघडलं.

"स्तांका गेली, पोरी."

लाल मिरच्यांची चटणी नुकतीच भरून झाली होती. ओट्यावर फडकं अंथरून त्यावर गरम बरण्या निवत ठेवल्या होत्या. निवता निवता एकेक झाकण आत ओढलं जातं आणि टक् वाजतं. एरवी तो आवाज ऐकला की बरं वाटतं, चला, ही बरणी हिवाळाभर टिकणार. त्या दुपारी मात्र प्रत्येक टक् ला आजी दचकत होती. माझी नेवेना आतल्या खोलीत झोपली होती, म्हणून आम्ही दोघी हळू बोलत होतो. नाहीतर आजी ओरडली असती, मला वाटतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

स्तांका तिची मुलगी. इटलीत एका म्हाताऱ्याची देखभाल करायची. पहाटे सायकलवरून कामाला निघाली होती, वळणावर ट्रकने उडवलं. माझा नवराही ट्रकच चालवतो. पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. ते ऐकताना माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"आणि यावोर?" मी विचारलं.

यावोर म्हणजे स्तांकाचा नऊ वर्षांचा मुलगा. आणि माझा गोलकीपर.

"नाही सांगितलं. शवपेटी येऊ दे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मीच मानायला तयार नाही, तर पोराला काय सांगू? तिकडे कागद अडकलेत. सोमवारी आणतो म्हणालेत." मग तिने माझं मनगट धरलं. "रविवारी तुमची मॅच आहे ना? खेळू दे त्याला. सोमवारपासून चाळीस दिवस माझ्या घरात ना गाणं, ना टीव्ही, ना चेंडू. हा एक रविवार त्याचा राहू दे. तुझ्या तोंडून काही निघता कामा नये, बिल्याना."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, तिचा हात माझ्या मनगटावर असताना माझ्या डोक्यात सात हा आकडाच फिरत होता. आमच्या संघात मुलं सातच आहेत. मैदानावर सात उभी राहिली नाहीत तर सामना नाही, आणि या रविवारी सामना झाला नाही तर लीगमधून आमचं नाव कटणार होतं. वरून तसं बजावून झालं होतं.

निघताना आजीने दारातच डोक्याचा काळा रुमाल सोडला, घडी करून पिशवीत घातला आणि फुलाफुलांचा बांधला. शाळा सुटायची वेळ झाली होती.

मी कोच कशी झाले ते सांगायला हवं. उन्हाळ्यात आमचा कोच जर्मनीला गोदामात कामाला गेला. मेतोदीकाका, जे क्लबचं कुलूपही उघडतात, गवतही कापतात आणि अध्यक्षही आहेत, ते एका सकाळी माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"तू कॉलेजात फुटबॉल खेळायचीस ना? ऑफसाइड कळतो तुला?"

"कळतो."

"मग झालीस कोच. गावात अजून ज्यांना कळायचा ते सगळे जर्मनीत आहेत."

"काका, माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला कुठे ठेवू?"

"बाकावर ठेव. राखीव खेळाडू म्हणून."

पहिल्या दिवशी मी जोरात शिट्टी वाजवली, तर सगळी मुलं बॅगा उचलून घरी निघाली. जुना कोच फक्त सुटायच्या वेळी वाजवायचा. दुसऱ्या दिवशी मी वाळू भरलेल्या बाटल्या ओळीने मांडल्या, त्यांच्यामधून चेंडू न्यायचा होता. डेंचोने सगळ्या पाडल्या आणि वर मलाच म्हणाला, "ताई, बाटल्या फार जवळजवळ उभ्या राहतात." डेंचो जाडा आहे, आणि त्यावरून कुणी हसायच्या आत तो स्वतःच हसून घेतो. "मला गोलमध्ये उभं कर ना ताई, चेंडूला आत शिरायला जागाच राहणार नाही."

पण गोलमध्ये यावोर उभा राहायचा. त्याला तिथेच उभं राहायचं होतं, कारण त्याचा आजोबा याच मैदानावर गोलकीपर होता. आणि चेंडू आला की तो डोळे मिटायचा. डोळे मिटू नको म्हटलं की मुलं जास्तच मिटतात, हे मी घरी नेवेनाच्या तोंडावर पाणी मारताना शिकले आहे. मी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले, चेंडू हळूच घरंगळत सोडला आणि म्हटलं, "यावोर, चेंडूवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव." तो वाचायला लागला. अक्षरं फिरत येत होती आणि तो डोळे ताणून वाचत होता. हळूहळू मी चेंडू फेकायला लागले, मग लाथेने मारायला. महिन्याभराने तो वाचायचा विसरला आणि नुसताच पकडायला लागला. कोच म्हणून मला जमलेली ही एकच गोष्ट.

आजी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सराव होता. गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. दुकानात यावोर शिरला की बायका बटाट्यांकडे बघायला लागायच्या. मला वाटलं, निदान मुलांना तरी माहीत नसेल. मग मी बघितलं, डेंचो विनोद करत नव्हता. त्याच्याकडे नवे हातमोजे होते, ते त्याने कुणालाही कधी हात लावू दिले नव्हते. ते त्याने यावोरला दिले.

"का रे?" यावोर म्हणाला.

"मला घट्ट होतात."

"अरे, मला तर मोठे होतात ते."

"मग घाल की!" डेंचो एकदम ओरडला आणि पळत लांब गेला.

त्या दिवशी कुणीही यावोरला गोल केला नाही. सगळे नेमका त्याच्या हातात चेंडू मारत होते. घरोघरी दटावून ठेवलं असणार, तोंड उघडलंस तर बघ. आणि त्या एवढ्याशा मुलांनी ते पाळलं होतं. सराव संपल्यावर यावोर माझ्याजवळ आला. गाल लाल, केस घामाने चिकटलेले.

"ताई, बघितलंस? एकही नाही गेला!"

"बघितलं रे."

"रविवारी व्हिडिओ काढशील? आईचा फोन बिघडलाय, आजी म्हणते. दुरुस्त झाला की बघेल ती."

"काढेन," मी म्हटलं. नेवेनाला कडेवर घेतलं आणि तिच्या मानेत तोंड लपवलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली.

शनिवारी मी आजीकडे गेले. म्हटलं, आजी, तूच सांग त्याला. बाहेरून कळलं तर तो तुलाही माफ करणार नाही आणि मलाही. ती अंगणात अक्रोड सोलत होती, बोटं काळी झाली होती. "तुला मॅच नको आहे का?" ती म्हणाली. मी खाली बसले आणि तिच्याबरोबर अक्रोड सोलायला लागले.

रविवारी थंडी होती. पलीकडच्या गावचा संघ छोट्या बसमधून आला, आई-बापांसकट. त्यांची मुलं चौदा, आमची सात. यावोर सगळ्यात आधी येऊन खांबांना हात लावून बघत होता. आजी कुंपणापलीकडे घडीच्या खुर्चीवर, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. मी मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधत होते, तेवढ्यात मेतोदीकाका आले. त्यांनी कोट घातला होता आणि कोटाच्या छातीवर काळी फीत टाचली होती.

"हे काय?"

"रेफरीला सांगून आलोय. सुरुवातीला एक मिनिट शांतता."

"काका!"

"ओरडू नकोस. स्तांकाचा बाप या गोलमध्ये उभा राहायचा. त्याच्या पोरीला पेटीत घालून आणतायत आणि क्लब एक मिनिट द्यायचा नाही? आमच्या वेळी असं कधी झालं नाही. मेलेल्याचा मान ठेवायचा असतो, पोरी."

"मुलाला माहीत नाहीये काका!"

 त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "अजून? म्हातारीने अजून सांगितलं नाही? मला वाटलं, आता इतके दिवस झाले..."

रेफरी मैदानाच्या मध्यावर पोचला होता. शहरातून आलेला, विशीचा पोरगा. मी धावत गेले. दोन्ही संघ ओळीत उभे राहायला लागले होते.

"शांतता नको," मी म्हटलं. "रद्द करा."

"बाई, मी त्यांच्या कोचलाही सांगितलंय, मुलंही उभी राहिली. आता सगळ्यांसमोर रद्द करू? स्तांका असंच ना नाव? आडनाव काय तिचं?"

"नाव घेऊ नका. ऐकताय ना? नाव घ्यायचं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मान डोलावली.

मी संघ घेऊन बाहेर निघाले असते तर. एका हाकेत सगळी मुलं माझ्या मागे आली असती, यावोरसुद्धा. सात होती, शून्य झाली असती, बस. मी हाक मारली नाही. ओळीच्या टोकाशी, यावोरच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

शिट्टी झाली. कुंपणापलीकडे माणसं उभी राहिली. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली, आणि मग एकेक करून सगळे चेहरे आमच्या गोलकीपरकडे वळले. पलीकडच्या गावचेसुद्धा. तिकडेही कळलं होतं. फक्त आजी खुर्चीतून उठली नाही. तिने रुमालाची दोन्ही टोकं मुठीत धरली होती.

यावोर आमच्या सगळ्यांत ताठ उभा होता. हातमोजे घातलेले हात मागे, हनुवटी वर. टीव्हीवर मोठे खेळाडू उभे राहतात तसा. त्यांच्या संघातलं एक पोरगं चुळबुळ करायला लागलं, तर यावोरने त्याच्याकडे असं बघितलं की ते जागच्या जागी गप्प झालं. डेंचो यावोरच्या पलीकडे होता. त्याचं नाक वाहत होतं, आणि ते तो पुसत नव्हता, हलायचं नाही म्हणून.

एवढं लांब मिनिट मी कधी उभी राहिले नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

पुन्हा शिट्टी झाली. टाळ्या वाजल्या. मुलं आपापल्या जागेवर पळाली, पण आमची सहा नाही पळाली. सहाही खाली गवताकडे बघत तिथेच उभी होती. यावोर गोलकडे निघाला, चार पावलं गेला आणि मागे वळला. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. घसरणारा हातमोजा दातांनी वर ओढला आणि परत माझ्याजवळ आला.

"ताई," त्याने विचारलं, "कोण गेलं?"