पाण्यावरचं भस्म

महानंदाने काचेच्या पसरट भांड्यातलं पाणी प्रयोगशाळेच्या मोरीत ओतलं आणि भांडं पुन्हा घासायला घेतलं.

"केसांचं तेल पाण्यात उतरलं असणार तुझ्या," गुरुबसप्पा सर मागून म्हणाले.

"तेल कधीच सोडलंय, सर. आई रोज विचारती, घरात कोण गेलंय म्हणून."

पुस्तकात छापलं होतं की, मीठ विरघळलं की त्याचे धन आणि ऋण आयन, दोन्ही पाण्याच्या पृष्ठभागापासून दूर राहतात. पाण्याच्या पृष्ठभागावरचा विद्युतदाब मोजणाऱ्या महानंदाच्या यंत्राचा काटा मात्र दर वेळी डावीकडे सरके. म्हणजे तिच्या आयोडाइड मिठाचे ऋण आयन वर येऊन बसत होते आणि धन आयन खालीच राहत होते. चौऱ्याहत्तर सालच्या सोलापुरातल्या एका पोरीने पुस्तकाला खोटं पाडावं, हे सरांच्या पचनी पडेना. आकडे सुधारल्याशिवाय प्रबंधावर सही मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सही नाही तर एम.एस्सी. बुडाली. तरी ही बया बधायला तयार नव्हती.

"सरक. मी दाखवतो."

सरांनी ताजं पाणी घेतलं, आयोडाइड विरघळवलं आणि ते नाक टेकेल इतके खाली वाकले. काटा थरथरला आणि शून्यावर येऊन थांबला.

"बघ! आलं की बरोबर!"

महानंदा काट्याकडे बघतच नव्हती. सरांच्या कपाळावरचा भस्माचा खालचा पट्टा घामाने फुटला होता आणि पाण्यावर पांढरी भुकटी तरंगत होती.

"सर, पाण्यात भस्म पडलंय."

"भस्माला घाण म्हणतीस? लिंगायताची पोर ना तू?"

तिच्याही देव्हाऱ्यात तेच भस्म होतं. पण आवाज खाली आला नाही.

"घाण नाही म्हणत, सर. पण ते भस्म आहे हे पाण्याला कुठं कळतंय? हा आकडा मी लिहिणार नाही. सही नाही दिलीत तरी चालंल."

तिने भांडं उचललं. या खेपेला मोरीत न ओतता बाहेर जाऊन पाणी कडुलिंबाच्या बुंध्याशी सोडलं.

ती परतली तेव्हा सर नळापाशी उभे होते, ओल्या रुमालाने कपाळ पुसत. ते कपाळ तिने कधी कोरं पाहिलं नव्हतं.

"भर पाणी," ते म्हणाले.

आयोडाइड विरघळताच काटा डावीकडे गेला.

"उद्या सकाळी परत घेऊ," रुमालाची घडी घालत ते म्हणाले. "पूजा मी हितनं गेल्यावर करीन."